दहा टक्क्यांची बेल्जियन बिअर: चवीला किती गुण आणि शरीरात किती ग्रॅम?

‘डॉक्टर, दारू मी घेत नाही. फक्त बिअर, आणि तीही चांगल्यातली.’

हे वाक्य आजकाल तपासणीच्या वेळी वारंवार कानावर येतं. सांगणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, शिकलेले, स्वतःच्या तब्येतीची काळजी असणारे लोक असतात. व्हिस्की-रम सोडून आपण क्राफ्ट बिअरकडे वळलो, म्हणजे तब्येतीसाठी एक पायरी खाली उतरलो, असं त्यांना मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत, गोव्यात क्राफ्ट बिअर सहज मिळू लागली आहे. युरोपात नोकरी करणारा मुलगा किंवा भाचा सुट्टीला येताना बेल्जियमची एखादी बाटली घेऊन येतो. मग ती चार मित्रांत फोडायची, वास घ्यायचा, चव घ्यायची, मोबाइलवर पाचपैकी तारे द्यायचे. एकूण हा छंद व्हायला लागला आहे.

छंदाला माझी हरकत नाही. चव घेण्याची आणि ती शब्दांत मांडण्याची आवड ही चांगलीच गोष्ट आहे. माझी हरकत गुणांच्या हिशेबाला आहे. रंग, वास, चव, फेस या सगळ्यांना गुण मिळतात. पण त्या ग्लासातून किती अल्कोहोल शरीरात गेलं, त्याची नोंद कुणीच करत नाही. कडक बेल्जियन बिअरच्या बाबतीत नेमकी हीच नोंद सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती का, आणि घरच्या घरी कशी करायची, हे आज सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपण पीत नसाल, तर हा लेख वाचून सुरुवात करू नका. तब्येतीसाठी दारू सुरू करावी असं एकही कारण वैद्यकशास्त्राजवळ नाही. हा लेख जे घेतात त्यांच्यासाठी आहे.

‘बेल्जियन’ म्हणजे एकच बिअर नव्हे

आपल्याकडच्या मेनूकार्डवर ‘बेल्जियन’ असं लिहिलेली बिअर बहुतेक वेळा ‘विटबिअर’ असते. गव्हाची, गढूळ पांढरट, धने आणि संत्र्याची साल घातलेली. या प्रकारातली सगळ्यांत प्रसिद्ध बिअर हूगार्डन, तिच्यात अल्कोहोल ४.९ टक्के. म्हणजे साध्या बिअरइतकंच.

पण त्याच बेल्जियममध्ये डुब्बेल, ट्रिपेल, क्वाड्रुपेल आणि ‘स्ट्राँग एल’ नावाचे प्रकार आहेत. डुव्हेल ही सोनेरी रंगाची बिअर ८.५ टक्के आहे. तिथल्या बोलीत डुव्हेल म्हणजे सैतान, आणि नाव अगदी चपखल आहे. शिमेची निळ्या लेबलची बिअर ९ टक्के, वेस्टमाले ट्रिपेल ९.५ टक्के, वेस्टव्लेटेरन १२ ही १०.२ टक्के, रोशफोर १० ही ११.३ टक्के. नावातल्या आकड्यांवर जाऊ नका. ‘१२’ आणि ‘१०’ ही जुन्या मोजमापावरून आलेली नावं आहेत, टक्के नव्हेत.

म्हणजे ‘बेल्जियन बिअर घेतली’ या एका वाक्यात दुपटीहून जास्त फरक लपलेला असतो. हा फरक ना ग्लासात दिसतो, ना जिभेला कळतो. हाच या बिअरचा खरा धोका.

इतकी कडक बिअर बनवायचं कारण काय?

यामागे थोडा इतिहास आहे. १९१९ साली बेल्जियममध्ये एक कायदा झाला. एमिल व्हांडरव्हेल्डे या मंत्र्याच्या नावाने तो ओळखला जातो. कामगारांमधलं दारूचं व्यसन कमी व्हावं म्हणून बारमध्ये जिन वगैरे कडक दारू विकायला या कायद्याने बंदी घातली. हेतू चांगला होता. पण बारमध्ये आता बिअरच उरली. ज्यांना कडक हवं होतं त्यांच्यासाठी बिअरच कडक होत गेली. तेवढं एकच कारण नव्हतं, पण ते मोठं कारण होतं असं बिअरचा इतिहास लिहिणारे मानतात. तो कायदा सुमारे साठ वर्षे टिकला आणि तोवर कडक बिअर ही बेल्जियमची ओळख होऊन बसली. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

डॉक्टर म्हणून मला या गोष्टीत एक धडा दिसतो. बाटलीवरचं नाव बदललं तरी अल्कोहोल बदलत नाही. जिनच्या जागी बिअर आली म्हणून लिव्हरचं काम कमी झालं नाही. ‘मी व्हिस्की सोडून बिअरवर आलो’ असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास जरूर लक्षात ठेवावा.

चव: आधी कौतुक

उदाहरण म्हणून वेस्टव्लेटेरन १२ घेऊ. बेल्जियमच्या पश्चिम फ्लांडर्समधल्या सेंट सिक्स्टस मठात ट्रॅपिस्ट पंथाचे साधू ती बनवतात. तिथली बिअर बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. अनेक वर्षे या बाटलीला लेबलच नव्हतं, सगळी माहिती पिवळ्या बुचावर. २००५ साली बिअरच्या चाहत्यांच्या क्रमवारीत ती जगात पहिली आली, तेव्हा मठाबाहेर रांगा लागल्या. साधूंनी मात्र उत्पादन वाढवलं नाही. मठ चालवण्यापुरती बिअर बनवायची, एवढाच त्यांचा नियम.

मी ही बिअर चाखली आहे आणि तिची कीर्ती उगाच नाही असं माझं मत आहे. रंग काळपट तपकिरी, वर मलईसारखा फेस. वासात खजूर, काळ्या मनुका, काकवी, थोडं जास्त पिकलेलं केळं आणि मागे लवंग. पहिला घोट गोडसर, मग भाजलेल्या गुळाची चव, शेवटी किंचित कडवटपणा आणि छातीत ऊब.

या चवीमागचं शास्त्र गमतीचं आहे. या बिअरमध्ये केळं नसतं आणि लवंगही नसते. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. जिला केळ्याचा वास येतो ती एस्टर नावाच्या गटातली रसायनं, आणि लवंगेचा वास फेनॉल गटातला. खजूर-मनुकांचा भास यीस्टबरोबरच माल्टमुळे आणि गडद रंगाच्या साखरेच्या पाकामुळे होतो. बाटलीत भरल्यावर पुन्हा एकदा थोडं आंबवण होतं, म्हणून बुडबुडे भरपूर आणि तळाशी यीस्टचा गाळ.

आता नीट लक्ष द्या. ही साखर बिअरमध्ये घातली जाते ती गोडीसाठी नव्हे. यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल करतं. त्यामुळे बिअर कडक तर होते, पण जड लागत नाही, घशाखाली सहज उतरते. फळांचा वास, मसाल्याचा भास, भरपूर बुडबुडे आणि हलकं अंग या सगळ्यांमुळे दहा टक्के अल्कोहोल जिभेला जाणवतच नाही. बनवणाऱ्याचं कौशल्य यातच आहे, आणि पिणारा फसतो तोही इथेच. व्हिस्की घशाला जाळते, म्हणून माणूस ती मोजून घेतो, पाणी-सोडा घालतो. इथे तो इशाराच नाही.

छातीत जी ऊब वाटते तिलाही लोक ‘बिअरचा गुण’ समजतात. ती अल्कोहोलची जळजळ असते, आणि अल्कोहोलने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून अंग गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीर उष्णता बाहेर टाकत असतं.

पन्नास गुणांची पत्रिका आणि न भरलेला रकाना

बिअर स्पर्धांचे परीक्षक जी पत्रिका वापरतात, तिच्यातली एक प्रसिद्ध पद्धत पन्नास गुणांची आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. या पद्धतीने मी या बिअरला वासासाठी ११, दिसण्यासाठी ३, चवीसाठी १८, स्पर्शासाठी ५ आणि एकूण ९ देईन. पन्नासपैकी ४६.

आता सहावा रकाना भरू. कुठल्याही दारूतलं अल्कोहोल काढायचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल:

मिलिलिटर × टक्के ÷ १०० × ०.८ = अल्कोहोलचे ग्रॅम

०.८ कशासाठी? अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलिलिटरचं वजन साधारण ०.८ ग्रॅम भरतं, म्हणून. वेस्टव्लेटेरनच्या ३३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत ३३० × १०.२ ÷ १०० × ०.८, म्हणजे सुमारे २७ ग्रॅम.

हा आकडा कुठे बसतो ते पाहा:

• व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग, ४२.८ टक्के: सुमारे १० ग्रॅम
• साध्या ५ टक्क्यांच्या बिअरचा पिंट, ३३० मिलिलिटर: सुमारे १३ ग्रॅम
• डुव्हेल, ३३० मिलिलिटर: सुमारे २२ ग्रॅम
• वेस्टमाले ट्रिपेल, ३३० मिलिलिटर: सुमारे २५ ग्रॅम
• साध्या ५ टक्क्यांच्या बिअरची मोठी बाटली, ६५० मिलिलिटर: सुमारे २६ ग्रॅम
• वेस्टव्लेटेरन १२, ३३० मिलिलिटर: सुमारे २७ ग्रॅम
• रोशफोर १०, ३३० मिलिलिटर: सुमारे ३० ग्रॅम
• आपल्याकडची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलिलिटर: सुमारे ४२ ग्रॅम

म्हणजे हातातली ती छोटी बाटली माइल्ड बिअरच्या अख्ख्या मोठ्या बाटलीच्या बरोबरीची आहे, किंवा पावणेतीन स्मॉल पेगांच्या. ‘जेवणाआधी एक छोटी बिअर घेतली’ असं म्हणताना आपण प्रत्यक्षात पावणेतीन पेग घेतलेले असतात. यादीतली शेवटची ओळही वाचा. स्वस्तातली स्ट्राँग बिअर पिणाऱ्याला नावं ठेवणारे आणि महागडी बेल्जियन पिणारे, दोघांच्या लिव्हरला एकच भाषा कळते आणि ती ग्रॅमची.

शरीरात पुढे काय होतं?

अल्कोहोलचं रूपांतर लिव्हर करतं. आधी त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसिटेट. यातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी आहे, पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कॅन्सर निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर यांच्याशी तिचा संबंध आहे. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा स्पष्ट सांगितलं की तब्येतीला पूर्ण सुरक्षित अशी दारूची कोणतीच मात्रा नाही. यात ‘बिअर वगळून’ असं कुठे म्हटलेलं नाही.

लिव्हरचा वेग ठरलेला असतो. सर्वसाधारण माणसाचं लिव्हर तासाला ७ ते ८ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. २७ ग्रॅमला साडेतीन ते चार तास. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, उलटी काढणं यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

आता गाडीचा प्रश्न. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर तो गुन्हा आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी ही एक छोटी बाटली तासाभरात संपवली, तर रक्तातलं प्रमाण अंदाजे ५० ते ६० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. आपल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. बेल्जियममधली मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ज्या देशात ही बिअर बनते तिथेही एका बाटलीनंतर गाडी चालवणं धोक्याचं. पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या रक्तात हेच प्रमाण ८० च्या आसपास जाऊ शकतं, कारण स्त्रियांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो आणि तेवढंच अल्कोहोल कमी पाण्यात मिसळतं. ‘एकच तर बिअर घेतली’ म्हणून दुचाकीला किक मारणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

वजनाचं म्हणाल, तर एका ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. या एका बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे १९० कॅलरी, शिवाय उरलेल्या पिष्टमय घटकांच्या वेगळ्या. म्हणजे दोनेक पोळ्या, आणि त्यावरचे शेंगदाणे, चीज, चखणा धरलेलाच नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलेल्या आणि पोटाचा घेर वाढलेल्या माणसाला मी हे गणित कागदावर लिहून देतो.

दवाखान्यात ऐकू येणारे काही समज

‘क्राफ्ट बिअरमध्ये केमिकल नसतं, म्हणून ती बाधत नाही.’ केमिकल नसेलही. पण लिव्हर खराब होतं ते अल्कोहोलमुळे. ते तर पूर्ण नैसर्गिक रीतीने, आंबवण्यातूनच तयार होतं.

‘बिअरने मुतखडा पडतो.’ महाराष्ट्रात हा समज इतका पक्का आहे की एरवी न पिणारेही त्यासाठी बिअर घेतात. बिअरने लघवी जास्त होते हे खरं, पण ती होते अल्कोहोलमुळे किडनीला पाणी राखून ठेवता येत नाही म्हणून. शरीरातलं पाणी कमी होतं. तयार झालेला खडा बिअरने विरघळत नाही. लघवी वाढवायची असेल तर पाणी आहेच. उलट बिअरमध्ये प्युरीन नावाचे घटक असतात, आणि अल्कोहोलमुळे युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याचं कामही मंदावतं. ज्यांना गाउट आहे, पायाचा अंगठा सुजून लाल होतो, त्यांच्यासाठी बिअर ही दारूच्या प्रकारांतली सगळ्यांत वाईट निवड.

‘यीस्टमध्ये व्हिटॅमिन असतं, म्हणून तळाचा गाळही प्यावा.’ यीस्टमध्ये बी गटातली व्हिटॅमिन्स असतात, खरं आहे. पण अल्कोहोल त्याच गटातल्या थायमिनचं शोषण कमी करतं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असा हा व्यवहार. मोड आलेली मटकी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि सरळ.

‘थोडी दारू हृदयाला चांगली.’ जुन्या काही अभ्यासांत थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा बरे दिसत. पण त्या ‘न पिणाऱ्यांत’ आजारामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. तो दोष काढला की हा फायदा बराचसा विरून जातो. हृदयासाठी चालायला जा.

‘दोन बिअर’ म्हणजे नेमक्या किती?

हा प्रश्न मला वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दारूचं प्रमाण जोखायला जगभर तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. आपण किती वेळा पिता? पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक होतात? आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक किती वेळा होतात? प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. एकूण १२ पैकी पुरुषांचे ४ आणि स्त्रियांचे ३ किंवा जास्त गुण झाले, तर पुढे नीट चौकशी करावी लागते.

इथे ‘एक ड्रिंक’ म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, एक बाटली किंवा एक ग्लास नव्हे. कडक बेल्जियन बिअर पिणारा प्रामाणिकपणे सांगतो, ‘दोन बिअर.’ डॉक्टर प्रामाणिकपणे लिहितो, ‘दोन ड्रिंक.’ प्रत्यक्षात ती साडेपाच झालेली असतात. सव्वादोन बाटल्यांत तर तिसऱ्या प्रश्नातली सहा ड्रिंकची रेषाही ओलांडली जाते. कुणी खोटं बोललेलं नसतं, तरीही हिशेब चुकतो, आणि लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की कारण भलतीकडेच शोधलं जातं. म्हणून डॉक्टरांना सांगताना बाटलीचा आकार आणि टक्के दोन्ही सांगा. लाजू नका. आम्हाला उपदेश करायचा नसतो, आकडा हवा असतो.

ऑस्ट्रेलियात दारूच्या प्रत्येक बाटलीवर त्यात किती ‘स्टँडर्ड ड्रिंक’ आहेत हे छापणं बंधनकारक आहे. तिथेही एक ड्रिंक १० ग्रॅमचंच. त्या नियमाने या बाटलीवर २.७ असा आकडा येईल. आपल्याकडेही बाटलीवर आणि बारच्या मेनूकार्डवर टक्क्यांशेजारी असा आकडा असावा असं माझं ठाम मत आहे. माल्ट कुठला, यीस्ट कुठलं, कडवटपणा किती, हे सगळं छापायला जागा असते. एका आकड्याला ती सापडायला हरकत नसावी.

गुण द्यायला किती लागते?

आता छंदाकडे परत येऊ. माझं म्हणणं थोडक्यात असं: चव कळायला शंभर मिलिलिटर पुरतात.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. ज्याला आपण चव म्हणतो ती बरीचशी नाकातली असते. घोट गिळल्यावर वास घशामागून नाकात चढतो, खजूर-लवंग तिथेच ओळखू येतात. पण नाकाला सतत एकच वास मिळाला की ते काही मिनिटांत त्याला सरावतं. फोडणीचा वास बाहेरून येणाऱ्याला लगेच येतो, ओट्याशी उभ्या असलेल्याला येत नाही, तसंच. पहिल्या चार-पाच घोटांत जे कळतं, त्याहून नवीन पुढे फारसं काही कळत नाही. त्यात अल्कोहोल डोक्यात चढू लागलं की पारख सैल होते आणि गुण मात्र वाढत जातात. स्पर्धेतल्या परीक्षकांनाही प्रत्येक बिअर थोडीशीच दिली जाते. अख्खी बाटली संपवून गुण द्यायची पद्धत तिथे नाही.

म्हणून ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी माझ्या सूचना:

• एक छोटी बाटली तिघांत वाटा. प्रत्येकी ११० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम.
• जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी नको. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा.
• बर्फासारखी थंड करू नका. गडद रंगाची बिअर दहा-बारा अंशांना जास्त खुलते. फार थंड बिअरला वास नसतो, म्हणून ती गटागटा जाते.
• एका दिवसात एकच प्रकार. ‘सँपलर’मधले चार छोटे ग्लास निरुपद्रवी दिसतात, पण कडक बिअरचे शंभर-शंभर मिलिलिटरचे चार ग्लास म्हणजे ३० ग्रॅमच्या वर.
• वहीत किंवा मोबाइलवर गुण लिहाल, तिथेच ग्रॅमही लिहा. महिन्याच्या शेवटी गुणांची सरासरी नको, ग्रॅमची बेरीज पाहा.
• त्या दिवशी गाडी नाही. शंभर मिलिलिटर घेतले असले तरी नाही.

गंमत म्हणजे ट्रॅपिस्ट साधूंच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर परंपरेने हलकी बिअर असते. शिमेची डोरे ही ४.८ टक्क्यांची बिअर मुळात मठातल्या लोकांसाठी आणि पाहुण्यांसाठी होती. वेस्टमाले एक्स्ट्राही ४.८ टक्के, तीही तशीच घरची. दहा टक्क्यांची बिअर जगात गाजली, ती बनवणाऱ्यांनी रोजच्यासाठी मात्र निम्म्या ताकदीची निवडली.

कुणी चाखूही नये?

गरोदर स्त्रिया आणि गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया. लिव्हरचा कोणताही आजार किंवा हिपॅटायटिस बी-सी असलेले. ज्यांना एकदा स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे ते. टीबीची औषधं, मेथोट्रेक्सेट, मेट्रोनिडॅझोल, झोपेच्या, फिटच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या सुरू असलेले. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची शुगर दारूनंतर काही तासांनी, बहुधा रात्री झोपेत, धोकादायक खाली जाऊ शकते. घरच्यांना ती ‘चढली आहे’ असं वाटतं आणि उपचाराला उशीर होतो.

आणि ज्यांनी व्यसनातून बाहेर येऊन दारू सोडली आहे, त्यांनी ‘फक्त चव’ म्हणून एक घोटही घेऊ नये. मित्रांनी तो आग्रहाने देऊ नये. त्यांच्यासाठी शंभर मिलिलिटरचा नियम नाही, शून्याचा आहे.

याउलट, जे रोज भरपूर पितात त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे गंभीर प्रकार पहिल्या काही दिवसांत होऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटा; औषधं घेऊन सुखरूप सोडता येते. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करत आहे, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे.

पुढच्या वेळी हातात नवी बाटली आली, तर बूच उघडण्याआधी तिच्यावरचे दोन आकडे शोधा: मिलिलिटर आणि टक्के. त्यांचा गुणाकार करा, शंभराने भागा, ०.८ ने गुणा. मग किती जणांत वाटायची ते ठरवा. आणि पुढच्या तपासणीला आलात की ग्रॅमचा तो आकडा मला किंवा तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. तारे किती दिलेत, ते नंतर बोलू.